कोयत्याचे पाणी आणि भांड्याची कल्हई



आश्विन सरत आला की आपल्याकडे घरोघर विळे निघतात. माळ्यावरचे, कुडात खोचलेले, कुठे गोठ्याच्या आढ्याला अडकवलेले. अशाच दिवसांत गेल्या वर्षी भाताची पाहणी करायला मी तळेघरला गेलो होतो. ज्यांनी तो भाग पाहिलेला नाही त्यांना सांगतो, घोडेगावहून भीमाशंकरला जाताना डिंभ्याचे धरण मागे पडले की रस्ता चढू लागतो आणि पुढे तळेघर लागते. आंबेगाव तालुक्याचा हा पश्चिमेचा, पावसाचा भाग. खाचरात भात, वरकस जमिनीवर नाचणी, वरई, खुरासणी, आणि रानात हिरडा.

एका घरी ओटीवर बसलो. घरधन्याच्या डाव्या नडगीवर वीतभर लांब वण होता. काय झाले म्हणून विचारले, तर तो काही बोलायच्या आत त्याच्या आईने आतून एक कोयता आणून माझ्यापुढे ठेवला.

"सायेब, ह्यो कोयता माझ्या मालकानं घडवून आणल्याला. पंचवीस वरसं चालला. आन आता ह्यो माझ्या लेकाचं रगात प्यायला. ह्यो घरात नको. भंगारवाल्याला देनार हाये मी."

झाले होते असे. माघात राबासाठी टहाळ तोडायला मुलगा ऐनाच्या झाडावर चढला होता. दोन दिवसांपूर्वीच त्याने कोयत्याला नवी मूठ बसवली होती. तेव्हापासून कोयता नीट चालेना. धार लावावी, चार फांद्या तोडाव्यात की पुन्हा बोथट. बोथट कोयता फांदीत शिरत नाही, तो सालीवरून घसरतो. तसा तो घसरला आणि नडगीवर बसला. टाके पडले. जखम चिघळली, बरी व्हायला फार दिवस लागले, आणि त्या वर्षीची आवणी त्या घराने मजूर लावून केली.

"मूठ कशी बसवली?" मी विचारले.

"नेहमीसारखी. चुलीत लाल केला आन मुठीत ठोकला."

"किती लाल केला?"

"निम्मा पार लाल झाल्याला."

मी आजींना म्हटले, "आजी, कोयता भंगारात देऊ नका. त्याचा काही दोष नाही. त्याचे पाणी उतरले आहे, एवढेच."

विळ्या-कोयत्याला लोहार पाणी देतो हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. पण त्या पाण्याने लोखंडात नेमके काय होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून आज खते-बियाणी बाजूला ठेवून घरातल्या धातूंविषयी बोलू.

आधी लोखंड. आपण सगळ्यालाच लोखंड म्हणतो, पण त्यात तीन भाऊ आहेत आणि तिघांचे स्वभाव वेगळे. फरक पडतो तो त्यात मिसळलेल्या कार्बनमुळे, म्हणजे कोळशात असतो त्याच पदार्थामुळे. शंभर किलो लोखंडात पाव किलो किंवा त्याहून कमी कार्बन असेल तर ते नरम. खिळे, तार, बांधकामाची सळई ही या जातीची. वाकते, पण तुटत नाही. अर्ध्या किलोपासून एक-सव्वा किलोपर्यंत कार्बन असेल तर ते कसदार पोलाद. धार धरते ते हेच. आणि तीन-साडेतीन किलो कार्बन असेल तर ते बीड. आपला बिडाचा तवा त्याचाच. बीड ओतून हव्या त्या आकाराचे करता येते, ताव बराच वेळ धरून ठेवते, पण वाकायचे मात्र नाव घेत नाही. खाली पडले की सरळ दोन तुकडे. तापलेल्या बिडाच्या तव्यावर गार पाणी ओतणाऱ्या सुनेला सासू ओरडते ते उगीच नव्हे. वरची बाजू एकदम आकसते, खालची तापलेलीच राहते आणि तवा तडकतो.

आजींच्या कोयत्याचे पाते ट्रकच्या कमानीच्या पाट्यापासून घडवलेले होते. आपल्याकडचे जाणते लोहार हाच माल पसंत करतात आणि ते बरोबर आहे. कमानीच्या पाट्यात शंभरात अर्धा ते पाऊण भाग कार्बन असतो. असे पोलाद भट्टीत लाल-नारिंगी होईपर्यंत, म्हणजे सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून चटकन पाण्यात बुडवले की ते फार कठीण होते. काही लोहार भट्टीतल्या पात्याला लोहचुंबक लावून पाहतात. ७७० अंशांच्या पुढे लोखंडाला चुंबक चिकटत नाही. चुंबकाने पाते सोडले म्हणजे ताव जवळ आला, असे ते समजतात.

पण नुसते कठीण झालेले पाते काचेसारखे ठिसूळ असते. गाठीवर बसले की त्याचा टवका उडतो. म्हणून हुशार लोहार एवढ्यावर थांबत नाही. तो पाते विटेच्या तुकड्याने घासून चकचकीत करतो आणि पुन्हा हलका ताव देतो. मग त्या चकचकीत भागावर रंग चढू लागतात. आधी फिका पिवळा, गव्हाच्या काडासारखा. मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. फिका पिवळा येतो २२० अंशांच्या आसपास आणि निळा ३०० च्या आसपास. कोयत्याच्या धारेवर पिवळा सरून तपकिरी दिसू लागला की लोहार ताव थांबवतो. धार टिकण्यापुरता कठीणपणा राहतो आणि ठिसूळपणा मरतो. हातात थर्मामीटर नाही, पुस्तक नाही, नुसत्या रंगावर चाललेले हे काम आहे. मी कॉलेजात धातूंविषयी थोडेबहुत वाचले होते, पण हे रंग पहिल्यांदा पाहिले ते भात्यासमोर बसूनच.

आता तळेघरच्या त्या घरी काय झाले ते तुमच्या ध्यानात आले असेल. कोयता निम्मा लाल झाला होता. लोखंड लाल दिसू लागले म्हणजे ते ५०० अंशांच्या पुढे गेले. ज्या पात्याला ३०० अंशांचा निळा रंगसुद्धा सोसत नाही ते लाल झाले, आणि नंतर चुलीबाहेर सावकाश थंड झाले. पोलाद तेच राहिले, त्याचा कठीणपणा गेला.

बरे, कोयता आगीत धरला होता मुठीकडच्या टोकाने. मग धारेपर्यंत आग कशी गेली? तर धातूतून उष्णता वाहते. एक टोक निखाऱ्यात असले की थोड्या वेळाने दुसरे टोक हाताला चटका देते. लाकडाचे तसे नाही. लाकडाचे एक टोक जळत असताना दुसरे टोक आपण खुशाल धरतो, म्हणून तर मूठ लाकडाची.

मूठ बसवायची तर मग कशी? मुठीत जाणारे टोक तेवढे तापवावे, आणि तापवण्याआधी पात्यावर ओल्या फडक्याचे जाड वेढे गुंडाळावेत. फडके सुकू लागले की वरून पाणी शिंपडत राहावे. पाणी आहे तोवर पाते १०० अंशांच्या वर जाणार नाही. बादलीत पाते बुडवून फक्त टोक तापवता आले तर त्याहून चांगले.

कुऱ्हाडीचेही तसेच. दांडा मोडून त्याचा तुकडा नेढ्यात अडकला की बरेच जण कुऱ्हाड सरळ चुलीत टाकतात. तुकडा जळून निघतो, पण कुऱ्हाडीचे पाणीही जाते. खरे तर तो तुकडा पहारीच्या टोकाने किंवा छिन्नीने ठोकून काढावा. अगदीच निघेना, तर कुऱ्हाडीचे पाते ओल्या मातीत पुरून फक्त नेढे वर ठेवावे आणि नेढ्यापुरताच जाळ करावा.

आणखी एक नवे दुखणे आले आहे. बाजारात वेल्डिंगच्या दुकानी विजेच्या ग्राइंडरवर धार लावून मिळते. दोन मिनिटांत काम होते म्हणून लोक खूश. पण चाकावर पाते दाबून धरले की धारेच्या पातळ कडेला क्षणात ताव चढतो. धारेवर निळा डाग दिसला की समजा, तेवढ्या भागाचे पाणी उतरले. ग्राइंडर वापरायचाच तर पाते हलके टेकवावे, दर दोन-चार सेकंदांनी पाण्यात बुडवावे. घरचा दगड आणि पाणी सावकाश काम करतात, पण नुकसान करत नाहीत.

नवा विळा-कोयता घेताना कानस जवळ असली तर धारेवर हलकेच फिरवून पाहा. कानस भराभर लोखंड काढू लागली तर पाणी दिलेलेच नाही. सुळकन घसरली तर पाते कठीण आहे. ग्राइंडरच्या ठिणग्याही बोलतात. नरम लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ रेघांसारख्या जातात. कसदार पोलादाच्या ठिणग्या पुढे जाऊन फुटतात, फुलबाजीसारख्या. सळई ठोकून केलेला कोयता दिसायला कितीही देखणा असो, त्यात कार्बनच नाही तर लोहार तरी कशाला पाणी देणार?

मात्र सगळ्याच अवजारांना कठीणपणा चालत नाही. तळेघरच्या बाजूला पडकई करतात, म्हणजे दहा-वीस घरांनी मिळून डोंगरउतारावर दगड-मातीचे बांध घालून भाताचे खाचर तयार करायचे. त्या कामात पहारीने मोठाले दगड उलथावे लागतात. पहार सगळी कठीण असती तर पहिल्याच धोंड्याला मोडली असती. म्हणून तिचे फक्त टोक कठीण आणि अंग चिवट ठेवतात. टिकाव आणि कुदळ शेवटून आणता तेव्हाही लोहार टोकापुरतेच पाणी देतो. उरलेले अंग मार सोसायला असते.

नांगराविषयी थोडे सांगतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला तेव्हा लोखंडाने जमीन नासेल अशी धास्ती शेतकऱ्यांना होती आणि ते विकत घ्यायला तयार नव्हते. पुढे १९१० साली किर्लोस्करवाडीला कारखाना निघाला आणि हळूहळू तोच नांगर महाराष्ट्रभर गेला. लोखंडाने जमीन नासत नाही. जमिनीतली ओल मात्र लोखंडाला नासवते, त्याकडे वळू.

लोखंडाला पाणी आणि हवा दोन्ही मिळाली की ते गंजते. भीमाशंकरच्या पट्ट्यात चार महिने हवासुद्धा पिळून काढावी इतकी ओली, तिथे गंज लागणारच. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, फुगतो, पापुद्रे सुटतात, आणि खालचे नवे लोखंड पुन्हा उघडे पडते. म्हणून तो थांबत नाही. तळेघरच्या आजींच्या घरचे विळे मात्र साफ होते. आवणी-बेणणी संपली की त्या प्रत्येक पाते राखेने घासतात, चुलीशेजारी सुकवतात, खुरासणीच्या तेलाचे बोट फिरवतात आणि चुलीवरच्या माळ्यात ठेवून देतात. यात सगळे बरोबर आहे. खुरासणीचे तेल हवेत हळूहळू घट्ट होते, त्याचा पातळ पडदा पात्यावर बसतो. शिवाय माळा चुलीच्या उबेने कोरडा राहतो.

जाता जाता हिरड्याची गंमत. ओला हिरडा कोयत्याने कापून तसाच ठेवा, पाते काळेनिळे पडते. तो गंज नव्हे. हिरड्यातला तुरट अंश लोखंडाशी मिसळून काळा रंग होतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस उकळून शाई करीत, ती हीच. लेखणी चालवणाऱ्यांना ती हवी होती, आपल्याला कोयत्यावर नको, म्हणून हिरड्याचे काम झाले की पाते धुऊन पुसावे.

घरावरचा पत्राही आतून लोखंडाचाच असतो. त्यावर जस्ताचा हात दिलेला असतो. जस्त ४२० अंशांना वितळते, त्या वितळलेल्या जस्तात पत्रा बुडवून काढतात. जस्ताचा गुण असा की थोडासा ओरखडा पडून लोखंड उघडे पडले तरी ओल आधी जस्ताला खाते, लोखंड वाचते. पण जस्त संपले की पत्रा गेला. पत्र्याला साधे खिळे मारू नका, जस्ताचा हात दिलेलेच वापरा. मिठाची किंवा खताची पोती पत्र्याच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. आणि जस्ताच्या बादलीत ताक, लिंबाचे सरबत किंवा चिंचेचे पाणी कधीही करू नका. लग्नाकार्यात हे हमखास होते. आंबटाने जस्त विरघळते आणि पंगतच्या पंगत ओकू लागते.

उष्णतेने धातू फुगतो, हेही ध्यानात असावे. मंचर-नारायणगावकडच्या जुन्या लोकांनी बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना पाहिली असेल. लोखंडी धाव चाकापेक्षा थोडी लहान करतात. शेणी रचून लाल होईपर्यंत तापवतात, सांडशीने उचलून लाकडी चाकावर बसवतात आणि वरून पाणी ओततात. चार फूट व्यासाच्या चाकाची धाव साडेबारा फूट लांब भरते. ती ५०० अंशांनी तापली की पाऊण ते एक इंच वाढते. थंड झाली की तेवढीच आवळते आणि चाकाचे सगळे सांधे करकचून बसतात. लोणच्याच्या बरणीचे पत्र्याचे झाकण अडकले तर त्यावर कढत पाणी ओता, ते त्याच न्यायाने सुटेल.

आता भगिनींनो, स्वयंपाकघराकडे येऊ.

तांबे उष्णता वाहून नेण्यात फार वरचढ. त्याच्यापुढे फक्त चांदी, आणि चांदीची कढई काही आपल्याला परवडत नाही. अ‍ॅल्युमिनियम, ज्याला आपण जर्मन म्हणतो, ते तांब्याच्या निम्म्याहून थोडे अधिक. पितळ त्याच्याही खाली. लोखंड आणखी मागे आणि स्टेनलेस स्टील सगळ्यांत शेवटी. स्टीलच्या पातेल्यात दूध जाळाच्या वर येईल तिथेच करपते, कारण ताव बाजूला पसरतच नाही. म्हणून काही स्टीलच्या भांड्यांच्या बुडाला तांब्याचा थर देतात. पण स्टील गंजत नाही, आंबटाला दाद देत नाही आणि घासायला सोपे. शेफील्डला १९१३ साली हॅरी ब्रिअर्ली यांनी असे पोलाद केले. त्यात शंभरात साडेदहा भाग तरी क्रोमियम असते. स्टीलला चुंबक चिकटले म्हणजे ते खोटे, असे दुकानात सांगतात. ते सर्वस्वी खरे नाही. गंज न धरणाऱ्या काही चांगल्या जातींनाही चुंबक चिकटते.

जर्मनची भांडी हलकी. त्याच मापाच्या लोखंडाच्या साधारण तिसरा हिस्सा वजन, म्हणून डोक्यावर हंडे वाहणाऱ्या बाईला ती बरी वाटतात. पण राख आणि धुण्याचा सोडा लावून ती घासू नयेत, काळी पडतात आणि त्यांना बारीक खड्डे पडतात. आमटी, ताक, चिंच त्यात रात्रभर ठेवू नये.

तांब्या-पितळेचे जरा अधिक सांगायला हवे. तांब्याच्या घागरीत पाणी ठेवायला हरकत नाही. पण ताक, कढी, कोकम, लिंबू, लोणचे यांनी तांबे सुटते, आणि पितळेत तांबे व जस्त दोन्ही असल्याने ती दोन्ही सुटतात. तोंडाला तुरट चव, मळमळ, उलट्या, पोटात कळा ही त्याची लक्षणे. लहान मुलांना त्रास लवकर होतो. म्हणून आपल्या आज्यांनी कल्हईची चाल ठेवली. कल्हई म्हणजे कथिलाचा मुलामा. कथील २३२ अंशांनाच वितळते. भांडे तापवून, नवसागर टाकून, कथिलाची कांडी टेकवली की ती पाघळते आणि कापसाच्या बोळ्याने सगळीकडे पसरते. अन्नातल्या आंबटाने कथील सहजी सुटत नाही.

पण ज्या गुणाने कल्हई लावता येते त्याच गुणाने ती जातेही. कल्हईचे भांडे कोरडेच जाळावर ठेवले, किंवा त्यात धूर निघेपर्यंत तेल तापवून फोडणी केली, की कथील पुन्हा वितळून थेंबाथेंबाने जमते आणि आतले पितळ उघडे पडते. फोडणी लोखंडी पळीत करावी आणि वरून घालावी.

कल्हईवाले आता कमी दिसतात. गावात आला तर कथील तपासून घ्या. कथील महाग, म्हणून कुणी कुणी त्यात शिसे मिसळतात, आणि शिसे हे विष आहे. ते शरीरात साठत जाते आणि मुलांच्या बुद्धीवर परिणाम करते. कांडी कागदावर ओढा. शिसे पेन्सिलीसारखी करडी रेघ काढते. शुद्ध कथिलाची कांडी कानाजवळ धरून वाकवली तर करकर असा बारीक आवाज येतो. कथिलाचे हे रडणे एकदा ऐकले की विसरत नाही.

हेच नरम कथील तांब्यात मिसळले की काय चमत्कार होतो पाहा. चार भाग तांबे आणि एक भाग कथील घेऊन वितळवले की होते ते कासे. दोघांपेक्षाही कठीण आणि खणखणीत. घंटा याच मिश्रणाच्या करतात. भीमाशंकरच्या देवळासमोरची मोठी घंटा बऱ्याच जणांनी पाहिली असेल. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली, तेव्हा मिळालेल्या घंटांपैकी ती एक असे मानले जाते. घंटेला बारीक चीर गेली तर आवाज लगेच बद्द येतो. बिडाचा तवा किंवा नांगराचा फाळ घेताना तुम्हीही तो टांगता धरून बोटाच्या पेराने वाजवून पाहा. बद्द वाजला तर परत ठेवा.

जुन्नरच्या द्राक्षवाल्यांसाठी एक शब्द. मोरचुदाचे द्रावण लोखंडी पिंपात किंवा जस्ताच्या बादलीत करू नका. मोरचुदातले तांबे लोखंडावर बसते आणि औषध वाया जाते. प्लॅस्टिकचे किंवा लाकडी भांडे घ्या. बोर्डो मिश्रण तयार झाले की घासून चकचकीत केलेला लोखंडी चाकू मिनिटभर त्यात बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे. थोडी निवळी घाला आणि पुन्हा पाहा.

हे एवढे सगळे मी त्या दिवशी तळेघरला बोललो नाही. कोयत्यापुरतेच बोललो. निघताना ओटीच्या भिंतीवर मीटरशेजारी फ्यूज दिसला. मेन स्विच बंद करायला सांगून किटकॅट बाहेर काढला, तर आत चांगली जाड तांब्याची तार पिळून बसवलेली. घरधनी म्हणाला, "मोटारीच्या जुन्या गुंडाळीतली हाय. पयली सारखी जळायची. ही दोन वर्सं झाली, एकदा पन जळली नाय."

वीजसुद्धा धातूतून वाहते आणि वाहताना तार तापवते. फ्यूजची तार मुद्दाम बारीक असते, घरातल्या वायरींपेक्षा अशक्त. जास्त वीज वाहू लागली की आधी तिने तापून वितळावे आणि वाट तुटावी, यासाठीच ती तिथे बसवलेली असते. तिच्या जागी जाड तार घातली की ती वितळत नाही. मग भिंतीतली वायर तापते, तिच्यावरचे रबर-प्लॅस्टिक पेटते, आणि वर पेंढा भरलेला माळा असतो. फ्यूज वारंवार जळत असेल तर दोष तारेत नाही. कुठेतरी वायर सोललेली आहे, ओल शिरली आहे किंवा भार जास्त आहे, ते शोधावे.

पत्र्याच्या घराला तर फारच जपायला हवे. सोललेली वायर पत्र्याला टेकली की सगळे छप्पर विजेचे होते. पत्र्याच्या खांबाला कपडे वाळत घालायची लोखंडी तार बांधलेली असली तर ओला कपडा टाकणारा हात थेट तिथेच पोहोचतो. पावसाळ्यात अशी माणसे गेल्याचे दर वर्षी ऐकू येते. कपड्यांना काथ्याची किंवा नायलॉनची दोरी बांधा. तांब्याची आणि अ‍ॅल्युमिनियमची तार एकमेकींना पिळून जोडू नका. दोन्ही कमीजास्त फुगतात, सांधा ओलीने खातो, ढिला पडतो आणि तापतो. त्यासाठी दोन धातूंचे वेगळे जोड मिळतात, ते माहीतगार वायरमनकडूनच बसवून घ्या. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात चार-दोन बादल्या पाणी ओता. कोरड्या मातीतून वीज नीट जात नाही. आणि जमेल तेव्हा विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारे आरसीसीबी यंत्र बसवून घ्या. फ्यूज वायर वाचवतो, माणूस वाचवायला ते यंत्र लागते.

मुलगा त्याच संध्याकाळी दुकानातून वेष्टनावर ५ अँपिअर लिहिलेली तार घेऊन आला. कोयता त्याने दुसऱ्या दिवशी घोडेगावला लोहाराकडे नेला. लोहाराने पाते पुन्हा तापवून पाणी दिले आणि मूठही त्यानेच बसवली, पात्याला ओले फडके गुंडाळून.

पंधरा दिवसांनी पुन्हा त्या वाटेने गेलो तेव्हा इंद्रायणीची कापणी चालू होती. आजी बांधावर बसल्या होत्या. कोयत्याचे विचारले तर म्हणाल्या, "हाये. पन ह्या वर्सी झाडावर थोरल्या नातवाला चढवनार. लेकाला नाय." मग मी नातवाला बाजूला बोलावले आणि कानस कशी फिरवून पाहायची ते दाखवले.